भोंग्यावरचा संसार

४ ऑगस्ट

आज बसस्टँडसमोर पुन्हा मी त्याला 'अवो' म्हणाले. सगळ्या बाजाराच्या देखत.

"अवो, ऐकलं का? आपल्या पिंटीचं लगीन जमलं!" — रिक्षावरच्या भोंग्यातून माझा आवाज. "मग चल की साड्या घ्यायला. उशीर काहून करून राहिली?" — त्याचा. रिक्षा पुढं निघून गेली. मी पालकाची जुडी हातात धरून तिथंच उभी.

भाजीवाली म्हणाली, तुमच्या मालकाचा आवाज लई गोड हाय ताई. मी हो म्हणाले. हो म्हणाले! खोटं बोलायचं मनात नव्हतं. पण नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही.

जाहिरात मागच्या दिवाळीतली. दुकान तेच, सेलच्या तारखा तेवढ्या मी परवा नव्याने बोलले, सोनाजीकाकांनी त्या मधे जोडल्या. त्याचे शब्द जुनेच. तो पुण्याला जाऊन दोन महिने झाले. इथं हिंगोलीत मात्र आम्ही रोज बोलतोय.

६ ऑगस्ट

कितीतरी गोष्टी पुसट व्हायला लागल्यात. लिहून ठेवते.

सोनाजीकाकांच्या दुकानात पुढं फ्लेक्स छापतात आणि मागं रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना अंड्याचे ट्रे, दाराला आईने शिवलेली वाकळ, एकच माइक. मी पुढं कॉम्प्युटरवर बसते. चार वर्षांपूर्वी पुसेगावच्या सप्त्याचा फ्लेक्स करायला विश्वंभर आला. माझ्या खांद्यामागं उभा राहून मजकूर मोठ्याने वाचत होता, चूक सापडावी म्हणून. काका आतून धावत आले — पुन्हा वाच म्हणाले. त्याच आठवड्यात एका खतवाल्याची जाहिरात होती, नवरा-बायकोच्या बोलण्याची. बायको मी. नवरा तो.

त्यानंतर दोनशेच्या वर झाल्या. खतं, साड्या, शिकवणीचे वर्ग, ट्रॅक्टर, दातांचा डॉक्टर. लिहायचो दोघं मिळून. हळूहळू लक्षात आलं, रिक्षा एका घरासमोरून अकरा सेकंदांत निघून जाते. आतल्या बाईला ना सुरुवात ऐकू येते ना शेवट. म्हणून प्रत्येक वाक्य सुटं उभं राहिलं पाहिजे, आणि तरी पुढचं ऐकावंसं वाटलं पाहिजे. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. तो रस्त्यावर उभा राहून मोजायचा, मी आत बसून शब्द कापायची.

खोलीत तो मला 'अगं' म्हणायचा. बाहेर 'मॅडम'. मी त्याला बाहेर काहीच म्हणत नसे. भाऊ म्हणवत नव्हतं, नाव घेता येत नव्हतं.

तो मराठा, आम्ही बौद्ध. खोलीत हे कधी आलं नाही. वाकळ बाजूला सारून बाहेर पाऊल टाकलं की लगेच यायचं.

१० ऑगस्ट, रविवार

दुपारी त्याचा फोन. रविवारी करतोच. एक तास दहा मिनिटं.

पुण्याच्या त्या एजन्सीत बसायला खुर्च्या कमी आणि मऊ पोतीच जास्त आहेत म्हणे. "आपल्याकडं पोत्यात हळद भरतेत, इथं माणसं बसवतेत," म्हणाला. मी किती हसले! आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं, तेव्हा आवाज कमी केला.

एका मीटिंगमधे नऊ माणसं दोन तास बोलत होती — जाहिरातीतल्या शेतकऱ्याचा फेटा कोणत्या रंगाचा असावा. शेवटी त्याला विचारलं, तुमचे वडील कोणता बांधतात? तो म्हणाला, टोपी घालतात. मग टोपीवर तासभर.

तो गमतीत सांगत होता. मला मात्र हेवा वाटला. एका टोपीवर तासभर बोलणारी माणसं! इथं काका म्हणतात, दुकानाचं नाव तीनदा घे आणि मोकळी हो.

१३ ऑगस्ट

तो गेला कसा, तेही लिहायला हवं. आमची ट्रॅक्टरच्या दुकानाची जाहिरात कुणीतरी रिक्षासकट मोबाईलवर घेतली आणि ती लाखो लोकांनी पाहिली. पुण्याहून पुजा नावाच्या मॅडमचा फोन आला. त्यांना 'तो माणूस' हवा होता. तो माझ्यासमोर फोनवर म्हणाला, लिहिणारी ही आहे, दोघांना घ्या. सध्या जागा एकच आहे, म्हणाल्या.

जा म्हणाले मीच. घरी पाच एकर, दोन भाऊ. पस्तिशी आली तरी शेतकऱ्याला मुलगी कुणी देईना. तो म्हणाला, तुमी म्हणत असाल तर जात न्हाई. मी कॉम्प्युटरकडं पाहत म्हणाले, जा.

डेपोवर पोचवायला गेले नाही. सगळं गाव ओळखतं.

२२ ऑगस्ट, पोळा

पोळ्यालाही आला नाही. त्याच्या पुसेगावहून आलेल्या माणसाला विचारणार होते. विचारलं नाही.

३१ ऑगस्ट

आज फोनवर तो चिडलेला. एका बँकेच्या जाहिरातीत त्याला शेतकरी केलं — मोबाईल उलटा धरणारा. वर म्हणे 'काहून' अजून दोनदा घाला, लोक हसतील. "सायबाचा आवाज पुण्याचा ठेवतेत. गड्याचा आवाज माझा," म्हणाला.

बोललात की नाही त्यांना, विचारलं. म्हणाला, त्यांना वाईट म्हणवत नाही. चांगली माणसं आहेत, आजारी पडलं तर घरी डबा आणून देतात. फक्त आपलं बोलणं कानावर पडलं की त्यांना हसू येतं. काहून येतं, ते त्यांनाही ठाऊक नाही.

मी मघापासून तेच घोळवतेय. आपल्या जाहिरातीत आम्ही दोघं असंच बोलायचो आणि कुणी हसत नव्हतं. साड्या घ्यायला जात होते.

७ सप्टेंबर

तो म्हणाला, एक ओळ अडलीय. मोबाईलवर हवामान सांगणाऱ्या कंपनीची जाहिरात. या वेळी त्याने भांडून शेतकऱ्याला शहाणा करून घेतलाय — शेतकरी सांगतो आणि साहेब ऐकतो. पण शेवटची ओळ बसेना.

मी भाकरी थापत होते. म्हणाले, "सायेब, वर बघून झालं असल तर आता इथं बघा."

त्याने पलीकडं ओळ पुटपुटून बघितली. मग म्हणाला, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हणाले. त्याने लिहून घेतली. भाकरी करपली.

१४ सप्टेंबर

ओळ घेतली! नऊच्या नऊ माणसांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, मी सांगितलं ही ओळ हिंगोलीची आहे, सपना मॅडमची. एकाने विचारलं, हिंगोली कुठं आलं?

सांगून झालं. फोन चालूच. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, त्याच्याकडचे. मग म्हणाला, "मॅडम, फोनवर आपण खोलीतल्यासारखंच बोलावं का?"

मला कळलं त्याला काय म्हणायचंय. मी म्हणाले, पुढच्या रविवारी सांगते.

आठ दिवस आहेत. काय सांगायचं ते मला आत्ताच माहीत आहे.

२१ सप्टेंबर

फोन आला नाही.

२२ सप्टेंबर

मी केला. उचलला नाही. संध्याकाळी मेसेज — कामात आहे, बाहेरगावी.

२८ सप्टेंबर

आजही नाही. मेसेज आला. "ऑफिसात आता फोनवर बोलता येत न्हाई. लिहीत जाईन." रविवारी कसलं ऑफिस?

मी विचारायला निघाले होते ते विचारलं नाही. सांगायचं होतं तेही सांगितलं नाही. लिहिलं — बरं.

२ ऑक्टोबर

सकाळी आईबरोबर विहारात. संध्याकाळी रामलीला मैदानावर दसऱ्याच्या प्रदर्शनात. काकांच्या सहा रिक्षा मैदानाभोवती फिरत होत्या, सहाही रिक्षांवर आम्ही. एका टोकाला खतावरून भांडतोय, दुसऱ्या टोकाला लेकीला शिकवणी लावतोय. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, बघा, कसं बायकोचं ऐकतो तो.

आई माझ्याकडं न पाहता म्हणाली, "आपण काम करावं अन् घरी यावं. आवाजाच्या मागं जाऊ नये."

आईने आयुष्यभर अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं सांभाळली. कोणाच्या घरात उंबऱ्याच्या आत कुठपर्यंत जायचं, हे तिला घरागणिक पाठ आहे. तिला भीती कसली ते मला कळतं. ती चुकीची आहे असं मला म्हणता येत नाही.

१९ ऑक्टोबर

त्याचे मेसेज आता लांब येतात. कधी नव्हे इतकं छान लिहितोय. परवा लिहिलं होतं — खिडकीतून एका चिंचेचं टोक दिसतं, तेवढंच हिरवं. सकाळी तिच्यावर ऊन आलं की वाटतं, काका शटर उघडत असतील, तुम्ही वाकळ झटकत असाल.

मी ते त्याच्या आवाजात वाचते. कुठं तो 'आ' लांबवेल, कुठं थांबेल, सगळं माहीत आहे. तरी कान रिकामाच राहतो.

लिहिलं मी — दिवाळीला येणार का? उत्तर दोन दिवसांनी, आज. "न्हाई जमणार."

१७ नोव्हेंबर

दुकानात पुजा मॅडमचा फोन. मसाल्याच्या एका मोठ्या कंपनीची हळदीची जाहिरात आहे. हळदीच्या मुलखातले, खरे वाटणारे नवरा-बायको हवेत. ट्रॅक्टरवाल्या जाहिरातीतला तोच आवाज. तुम्ही पुण्याला याल का?

मी विचारलं, नवरा कोण?

"विश्वंभरच," म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या.

फोन ठेवला आणि आत जाऊन वाकळ ओढून घेतली. माइक बंद होता. मी तिथं उभी राहून मोठ्याने म्हणाले — अवो, ऐकलं का?

१९ नोव्हेंबर

आई म्हणते, एकटी जायचं नाही. मी येते. गुडघ्याचं काय, म्हणाले. म्हणते, "गुडघा बसमधे बसूनच जाणार हाय."

त्याला लिहिलं की येतेय. त्याचं उत्तर — "तुमी इथं येऊन बोलणार, यापेक्षा मोठं काही न्हाई." भेटू असं लिहिलं नाही. लिहायचं राहिलं असेल.

९ डिसेंबर

निळी साडी काढली. मग हिरवी. मग पुन्हा निळी. आवाजाच्या जाहिरातीला साडी कोण बघणार आहे!

११ डिसेंबर, पुणे

घडलं तसं लिहिते.

पुजा मॅडम माझ्याच वयाच्या. केस बारीक कापलेले, स्टुडिओत अनवाणी फिरतात. आईला हात धरून बसवलं, पाठीशी उशी दिली. वाईट वागल्या असं म्हणायला एकही निमित्त दिलं नाही. दोन माइक लावलेले होते. मी दाराकडं बघत होते.

"विश्वंभरचा भाग आपण नंतर घालू," म्हणाल्या. तो येणार नाही का? तर म्हणाल्या, त्याला आज जमत नाहीये. आणि कागद चाळायला लागल्या.

मी बोलायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर त्यांनी थांबवलं. सपना, अजून थोडं गावाकडचं कराल? मी केलं. अजून थोडं. मी अजून केलं. चौथ्या वेळी माझा आवाज असा झाला, जसा माझा कधीच नव्हता. रेकॉर्डिंग करणारा माणूस हसला. मला तो उलटा मोबाईल आठवला आणि कान तापले. पण मी थांबले नाही. थांबायला हवं होतं.

थांबवलं आईने. काचेपलीकडून उठून आत आली. "असं कोण बोलतं बाई? आमी असं बोलत न्हाई. आमच्यावर हसायचं असल तर तसं सांगा, आमी परत जातो."

मला वाटलं, संपलं. पुजा मॅडम लाल झाल्या. मग त्यांनी चक्क जमिनीवर बसकण मारली, आईच्या समोर. म्हणाल्या, मग कसं बोलतात, सांगा. मला खरंच माहीत नाही.

आईने पदर सावरला. मग सांगायला लागली — अंगणवाडीत लागायच्या आधी ती वसमतकडं हळद शिजवायला जायची. कढईची वाफ, पिवळे हात, आठ-आठ दिवस भाकरीलाही तो वास. हळद शिजली की नाही हे कसं कळतं, मॅडमनी विचारलं. "काडी टोचून बघतेत," आई म्हणाली. "तोंडानं कोणी किती बी सांगू द्या, काडी खोटं बोलत न्हाई."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. दोघींच्या हातात पेन होतं.

त्यानंतरचा तास! जुना कागद फाडला. मी एक ओळ म्हणायची, त्या उलटवायच्या, आई म्हणायची असं न्हाई. 'काडी' आधी घ्यावं की 'हळद', यावर वीस मिनिटं घालवली. वाद घातला मी — चहा गार झाला. एका शब्दासाठी कुणीतरी माझ्याशी भांडत होतं आणि घाई करत नव्हतं. मी बत्तीस वर्षांची आहे. अशी खोली असते हे मला माहीत होतं, पण मी तिच्यात असेन असं नव्हतं वाटलं. तिथून उठूच नये असं झालं.

माझा भाग नीट बोलले. माझ्या रोजच्या आवाजात. मग जेवण.

जेवण झाल्यावर रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन दिले. म्हणाला, ऐका, दोघांचं जोडलंय.

विश्वंभर बोलत होता. आमच्या त्या नव्या ओळी. सकाळी ज्या जगात नव्हत्याच, त्या. "अगं, काडी टोचून तर बघ!" — त्याचा 'अगं', त्याचा तो लांबवलेला 'आ'.

म्हणजे तो इथंच आहे. याच शहरात, कुठल्यातरी दुसऱ्या खोलीत. पाऊण तासात ओळी मिळाल्या, बोलला आणि पाठवल्या. आणि मला भेटायला आला नाही.

पुजा मॅडमना म्हणाले, कुठं आहे तो? मला पाच मिनिटं भेटायचंय. त्यांनी माझा हात धरला. "त्यानेच सांगितलंय, काही सांगू नका म्हणून. मला विचारू नका, प्लीज."

आईने पिशवी उचलली.

१२ डिसेंबर

परतीच्या बसमधे आई एकदाच बोलली. म्हणाली, मी सांगितलं होतं. मग माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं, मी लहान असल्यासारखं.

१५ डिसेंबर

लग्न ठरलं असेल. पुण्यातली कुणी असेल. किंवा घरच्यांनी पाहिली असेल. जमलं असेल आणि सांगायची लाज वाटत असेल. दुसरं काय असणार.

१८ डिसेंबर

काकांना सांगितलं, जुन्या जाहिरातींत आता माझा आवाज जोडू नका. ते म्हणाले, बरं पोरी. दुपारी सरबत मागवलं.

२१ डिसेंबर

त्याचा मेसेज — "जाहिरात ऐकली. काडीची ओळ कुणाची? तुमची वाटत न्हाई, तुमच्यापेक्षा थोर वाटते."

किती दिवसांनी हसू आलं. मग राग आला की हसू आलं.

मी लिहिलं — "आईची. तुम्हाला पुढच्या कामासाठी शुभेच्छा, विश्वंभर भाऊ."

चार वर्षांत पहिल्यांदा भाऊ म्हणाले. पाठवलं आणि फोन डब्यांच्या मागं ठेवून दिला. दोन निळ्या खुणा आल्या होत्या, उत्तर आलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. जाहिरात आली. टीव्हीवर, मोबाईलवर, सगळीकडं. गल्लीतल्या बायका तीळगूळ घेऊन येतात आणि म्हणतात, आली की तुमची जोडी! कोणी विचारलं, आता तुम्ही पुण्यालाच राहणार का दोघं? आई दारात उभी राहून एकेकीला वाटेला लावत होती.

जाहिरात चांगली झालीय. हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. कोणी हसत नाही. हिंगोलीतही नाही, आणि पुजा मॅडम म्हणतात, पुण्यातही नाही. बायको सांगते, नवरा ऐकतो, दोघं काडी टोचून बघतात. तीस सेकंद. तेवढा वेळ ते घर खरं वाटतं.

मग दुसरी जाहिरात लागते, साबणाची.

१९ जानेवारी

पुजा मॅडमचा फोन. एजन्सीत लिहायला या म्हणाल्या. आता जागा आहे.

हीच जागा जूनमधे असती तर मी काय केलं असतं, कोण जाणे. आज म्हणाले, विचार करते. ती खोली हवी आहे. तो तास पुन्हा हवा आहे. पण त्याच जिन्यावरून तो चढत-उतरत असेल, आणि मी बाजूला होऊन वाट देत असेन — ते नको.

मॅडम म्हणाल्या, सपना, तुम्ही त्याच्यावर रागावू नका. मी म्हणाले, रागावण्याइतकं काही नव्हतं.

२५ जानेवारी

आई म्हणाली, जा पुण्याला. माझं मी बघते. तू इथं राहून भोंगे ऐकत बसू नको.

अजून ठरत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दुकानात एकटीच होते. विश्वंभर आला. वाळलेला, गळ्यावर आडवी ताजी खूण. मी बसा म्हणाले, त्याने तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली.

त्याने मोबाईलवर लिहिलं, मी वाचलं. सप्टेंबरात गळ्यात गाठ निघाली, आवाजाच्या नसेला चिकटलेली. आवाज जाईल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. ऑपरेशनच्या आधी तीन दिवस तो एजन्सीच्या स्टुडिओत बसून वाचत राहिला — पेपर, पंचांग, आमच्या जुन्या जाहिराती, जे मिळेल ते. त्यावरून शिकलेलं मशीन आता लिहिलेलं काहीही त्याच्या आवाजात म्हणतं. स्टुडिओत मी ऐकलं ते तसलंच. त्या दिवशी तो दवाखान्यात होता, दुसऱ्या ऑपरेशनसाठी.

मी म्हणाले, इतके मेसेज लिहिले, एका ओळीत हे तरी. तो काहीतरी बोलला. ऐकू येईना. मी उठून जवळ गेले, अगदी जवळ, त्याच्या ओठांशी कान नेला.

"सांगायचं कसं, तेच सुचलं न्हाई."

आईला फोन केला, गाठीचं सांगितलं. म्हटलं, जेवायला तिघं आहोत. आईने तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्याला गिळायला जमतं का? भात मऊ टाकते."